सुमती हिवाळेचा अबोला

सुमती हिवाळेने देवाशी अबोला धरला तो १९४८ च्या ऑगस्टमध्ये. ही गोष्ट कल्याणच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळीला ठाऊक होती. मंडळी म्हणजे तरी काय, पंचवीस-तीस घरं. त्यातली निम्मी रेल्वेतली, उरलेली मास्तर नाहीतर नर्स. कुणाच्या घरी दूध नासलं तरी रविवारच्या उपासनेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असे.

सुमतीची रूथ सात वर्षांची होती. मुदतीचा ताप आला आणि अठराव्या दिवशी गेली. सुमती स्वतः नर्स. कितीतरी लोकांची पोरं तिने तापातून उठवली होती. रूथला पुरल्यावर ती घरी आली, कपडे धुवायला टाकले आणि नवऱ्याला म्हणाली, "मी आता त्याच्याशी बोलणार नाही."

उत्तम लोको शेडमध्ये फिटर होता. मुळातच कमी बोलणारा माणूस. त्याने नुसती मान हलवली.

गंमत अशी, की सुमतीने चर्चला जाणं सोडलं नाही. दर रविवारी पांढरं पातळ नेसून ती तिसऱ्या बाकावर बसायची. गाण्याला उभी राहायची, तोंड उघडायची नाही. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, ही उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. शेवटी पाळकसाहेब घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी हळूच विषय काढला.

"पाळकसाहेब, मी देवाला सोडलेलं नाही," सुमती म्हणाली. "बोलत नाही एवढंच."

ते काही समजावणार, तोच आतून गोदूबाई आल्या. या उत्तमच्या आई, मूळच्या नगरकडच्या. आवाज असा, की घरात बोलल्या तरी शेजारच्या चाळीला हजेरी द्यावीशी वाटे. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "बोलत नाही, पण घर सोडून तर गेली नाही ना? दुसरा कप घ्या."

घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मग गोदूबाईंनी आपण होऊन मध्यस्थी पत्करली. "देवा, सुमती बोलत नाही, म्हणून मी सांगते. आज तिच्या वॉर्डात तीन बाळंतपणं झाली. पाठ दुखते तिची. नवी डॉक्टरीण चांगली आहे म्हणते." सुमती तिथेच बसून सगळं ऐकायची. एकदा तिला राहवलं नाही. "तीन नाही, चार," ती पुटपुटली. गोदूबाईंनी डोळे न उघडता दुरुस्ती केली, "चार म्हणते, देवा."

पुढच्या वर्षी शेडमध्ये वजन उचलायची साखळी तुटली आणि उत्तमचा डावा हात मनगटापासून गेला. नोकरी राहिली, पण हत्यारं सुटली. टाइमकीपरच्या खिडकीत बसून तो लोकांच्या हजेऱ्या लिहू लागला. त्या संध्याकाळी गोदूबाई प्रार्थनेला बसल्या. म्हणाल्या, "हे काही बरं केलं नाहीस. माझा पोरगा कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला राग आलाय तुझा. आमेन." आणि उठून भाकऱ्या थापायला गेल्या.

सुमती बघतच राहिली. देवाला असंही बोलता येतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी तिची जीभ काही सुटली नाही.

तोवर तिची बदली विठ्ठलवाडीच्या पलीकडे, निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यात झाली होती. लष्कराच्या जुन्या बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे, एकेका पडद्याआड एकेक सिंधी कुटुंब. १९५१ च्या जानेवारीत तिथल्या जमुनाबाईची रुकी तापाने दवाखान्यात आली. वय सात. सुमतीने कपाळाला हात लावला, जीभ पाहिली, आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिला कळलं, मुदतीचा ताप.

डॉक्टर म्हणाले, "आता यावर नवीन कॅप्सूल निघाल्यात. आपला साठा संपलाय. ठाण्याला नौपाड्यात एका केमिस्टकडे असतील कदाचित."

सुमतीने निरोप धाडला. उत्तम खिडकी दुसऱ्याकडे सोपवून तसाच ठाण्याला निघाला.

दुपार झाली. रुकी बडबडू लागली होती. सुमती पाण्याच्या घड्या बदलत होती आणि जमुनाबाई पायथ्याशी बसली होती. नवरा सिंधमध्येच राहिला, जिवंत की कसा, तिला माहीत नव्हतं. ती एकदम म्हणाली, "सिस्टर, तुम ईसाई हो ना? मैंने अपने सब देवताओं को बोल दिया. एक तुम्हारा बाकी है. तुम बोलो."

"मी नाही बोलत त्याच्याशी."

जमुनाबाईला मराठी कळलं नाही. ती हात जोडून वाट बघत राहिली. सुमतीने इकडे तिकडे पाहिलं. गोदूबाई असत्या तर बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. पण त्या होत्या कल्याणला. शेवटी ती ओली घडी हातात धरूनच म्हणाली, "हे बघ. माझ्यासाठी मी काही मागत नाही. ही पोर हिच्या आईकडे राहू दे. तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. तुला माहीत आहे ते सगळं." एवढंच. आमेन म्हणायचं राहून गेलं.

चारच्या सुमाराला उत्तम आला. त्याने तीन दुकानं पालथी घातली होती. कॅप्सूलची बाटली सदऱ्याच्या आतल्या खिशात होती आणि चेहरा घामाने डबडबलेला. चौथ्या दिवशी रुकीचा ताप उतरला. पाचव्या दिवशी तिने लोणचं मागितलं, ते मिळालं नाही म्हणून भोकाड पसरलं, आणि अख्खा वॉर्ड हसला.

सुमती मात्र त्या दिवशी घरी आली ती धुमसतच. गोदूबाई तांदूळ निवडत होत्या. सुमतीने पिशवी खुंटीला लावली आणि कडाडली, "अडीच वर्षांपूर्वी कुठे होत्या या कॅप्सुला?"

"मला काय विचारतेस? मी काय औषधं बनवते?" गोदूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तुम्हाला नाही विचारलं."

गोदूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. मग सूप उचललं, बाहेर ओट्यावर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. शेजारीण विचारायला आली, आत कोण भांडतंय, तर म्हणाल्या, "घरातलंच माणूस आहे. तू जा."

आत सुमतीने मनात साठलेलं सगळं काढलं. रूथचे शेवटचे तीन दिवस काढले, उत्तमचा हात काढला. मोठ्याने रडली, मग बारीक आवाजात रडली. उत्तर काही आलं नाही. पण खोलीत आपण एकट्या आहोत, असं तिला एकदाही वाटलं नाही.

रविवारी ती गायली. अडीच वर्षं न वापरलेला आवाज, सूर जरा सोडूनच लागत होता. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून पाहू लागल्या, तसा सुमतीने आवाज आणखी चढवला.

परतताना ती आणि उत्तम खाडीच्या बाजूने चालले होते. ओहोटी होती, मचवे चिखलात आडवे झाले होते. बरंच अंतर गेल्यावर उत्तमने विचारलं, "त्या कॅप्सुलांचं काय म्हणाला तो?"

"अजून काही नाही."

"मग?"

"मग काय. मी विचारत राहीन, त्याला ऐकून घ्यावं लागेल," सुमती म्हणाली. "तुम्ही जरा पाय उचला. आत्याबाईंनी आज बोंबील केलेत, त्या थांबायच्या नाहीत आपल्यासाठी."