पापांकडे आलेला पाव्हणा

आमच्या घरात एक पद्धत होती. आई-पापा मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचो. कुणी ठरवलेलं नव्हतं. जयपूरला बदली होऊन आलेली जी मराठी घरं आहेत, बँकवाले, विमावाले, सगळ्यांकडे असंच चालतं. पापा म्हणायचे, "उठलास का?" मी म्हणायचो, "हाँ, उठ गया." बस. असाच मोठा झालो आणि मला कधी वाटलंच नाही की आपल्याला मराठी येत नाही. कळत तर सगळं होतं.

२००६ च्या मार्चमध्ये पापांना मेंदूचा झटका आला.

घरी आणलं तेव्हा उजवा हात गेलेला होता आणि हिंदी गेलेली होती. मतलब पूर्ण गेलेली. या माणसानं इथं इतकी वर्षं हिंदीत ऑफिस चालवलं. आता शेजारचे भैया "कैसे हो अंकलजी" म्हणाले की पापा आईकडे बघायचे, हा काय म्हणतोय म्हणून. इंग्लिश पण गेली. राहिली फक्त गडहिंग्लजची मराठी, ती पण लहानपणची, "हाय" आणि "न्हाई"वाली.

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. अजून एक सांगितलं. चेहरे यांना ओळखू येणार नाहीत, आवाजावरून ओळखतील.

आवाजावरून मला ओळखायचे. मी कामावरून येऊन "पापा, आ गया" म्हटलं की तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसायचे. "पृथ्वी आला गं." त्यापुढं मी जे बोलायचो त्यातलं एक अक्षर त्यांना कळायचं नाही. बघत राहायचे नुसते. मला ते बघवायचं नाही, मी उठून जायचो.

म्हणून मराठी बोलायला शिकायचं ठरवलं. पापांशी बोलता यावं, एवढंच.

मी गोपालपुऱ्यात एका कोचिंगमध्ये नोट्स टाइप करतो. तिथं मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. मराठीचा कुठून असणार? क्लास म्हणजे आमचं स्वयंपाकघर, मास्तर म्हणजे आई.

"आई, मला दोन चपाती पाहिजे."

"एकीवर एक ठेवून एक करू का? चपात्या. पाहिजेत."

"पाहिजेत."

"पूर्ण बोल. नाहीतर बस उपाशी."

खरंच ताट द्यायची नाही. कळणं वेगळं आणि जीभ वळणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक वाक्य आधी हिंदीत बनायचं, मग मी ते उचलून इकडं ठेवायचो, तोपर्यंत समोरच्याचा चहा गार. कामावरून घरी येताना सांगानेरच्या बसमध्ये पुटपुटत यायचो. एकदा शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला.

पण जमलं. दिवाळीपर्यंत जमलं. आई म्हणाली, आता जा, बोल.

गेलो. पलंगाजवळ बसलो.

"आज कसं वाटतंय? पाय दुखतोय का?"

पापांनी डाव्या हातानं चादर नीट केली. सावरून बसले.

"बरं हाय की. बसा, बसा. कुठनं आलासा, पाव्हणं?"

मला वाटलं मस्करी करतायत.

"पापा, मी पृथ्वी."

"आं? तुमचं पण नाव पृथ्वीच? आमच्या पोराचं बी तेच." खूश झाले एकदम. "अगं, पाव्हण्यांना चहा टाक."

आईनं खरंच चहा टाकला. काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. आधी हिंदी. "पापा, आ गया." ते हसले. लगेच, त्याच दमात, "आज बस उशिरा मिळाली." पापांनी माझ्या मागं दाराकडं बघितलं. "कोण आलंय रं पृथ्वी तुझ्यासंगं?"

मग डोक्यात प्रकाश पडला. पापांसाठी पृथ्वी म्हणजे हिंदी. त्यांनी मला मराठीत कधी ऐकलंच नव्हतं. आता हिंदीत मी त्यांचा मुलगा, पण त्यांना काही कळणार नाही. मराठीत सगळं कळणार, पण मी पाव्हणा. माझी मराठी जेवढी सुधारेल तेवढा पक्का पाव्हणा.

तरी पाव्हणा होऊन जायचो. पापा बोलायचे तरी. गुऱ्हाळावर गरम गूळ खाऊन जीभ कशी भाजली, तालमीतून कसे पळून यायचे. मला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगत होते ते पण मला नाही.

एका संध्याकाळी मीच विचारलं, "तुमचा पोरगा कुठं असतो?"

"हितंच की. येतो, कायबाय बडबडतो, मला कळत न्हाई. मग उठून जातो. रागावलाय माझ्यावर."

"नाही हो. रागावला नाही."

"तुम्हाला काय म्हाईत?"

"भेटला होता. म्हणाला, पापांशी बोलायचंय पण मराठी येत नाही. लाज वाटते."



"लाज कसली त्यात? मीच कधी शिकवलं न्हाई. ऑफिसातनं यायचं, कटाळा यायचा, म्हटलं बोलू दे हिंदीत. ये म्हणावं त्याला. मी शिकवतो."

"सांगतो."

"सांगतो न्हवं. आत्ता जावा. पाठवून द्या त्याला."

मी चपला घालून खाली गेलो. गेटजवळ उभा राहिलो. कापड छापणाऱ्या कारखान्यातले लोक सायकलवरून घरी चालले होते, हात रंगानं निळे. ते पुढं गेल्यावर वर आलो.

"पापा, आ गया."

"ये! बस हितं." पलंगावर थाप मारली. किती दिवसांनी आवाजात जोर होता. "म्हण. मला भूक लागलीय."

मी दारात उभ्या आईकडे बघितलं.

"सोपं हाय रं. मला. भूक."

मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं की पृथ्वी जाणार, हे मला माहीत होतं. पापांना थोडंच माहीत होतं? ते परत परत सांगत होते, हळू, एकेक शब्द सुटा करून. कपाळावर घाम आलेला.

आई दारातून म्हणाली, "अरे, चुकीचं बोल. पहिलं, शिकायला लागलास तेव्हा बोलायचास तसं."

मी आठवायला लागलो, पहिलं मी कसं बोलायचो. आठवेना. आईनं ते सगळं काढून टाकलं होतं माझ्या तोंडातून. तरी काहीतरी जोडलं.

"मला भूक... लगी आहे."

पापा थांबले. माझ्याकडे बघितलं, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. चादर नीट केली.

"पाव्हणं, तुम्ही कवा आलासा? पृथ्वी हितं बसला होता."

"आत्ताच आलो."

"बसा मग. येईल तो इतक्यात," पापा म्हणाले. "त्याला शिकवायचंय मला."