दोनशे दहा मयत अंजिरं

सगळे तिला सिस्टरच म्हणत. बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर तिने धाकट्या भावाला सोबत घेऊन आपल्या जमिनीत अंजिरं लावली होती. फळबाग योजनेत अनुदानाचा पहिला हप्ता लागवडीला मिळाला. दुसरा तिसऱ्या वर्षी, झाडं जगली आहेत हे पाहून मिळणार होता.

पाहणीला तपासनीस आला तो नेमका थंडीत. थंडीत अंजिराची पानं झडतात. बागेत नुसते करडे खराटे उभे होते. तो बांधावरूनच मोबाइलवर फोटो काढू लागला.

"अहो, आत तरी या," भाऊ म्हणाला.

"दिसतंय की इथून. सगळी गेलीत."

"गेली नाहीत, झोपलीत!" सिस्टरने नखाने एका फांदीची साल खरवडली. खाली ओला हिरवा रंग होता. "मेलेल्या झाडाला हे असतं का?"

त्याने वाकून पाहिलं. पटलंही असावं. "पण मॅडम, ॲपमध्ये दोनच रकाने आहेत. पानं असली तर जिवंत, नसली तर मयत."

आणि एका बोटाने त्याने दोनशे दहा झाडं मारून टाकली.

कार्यालयातल्या कारकुनाने फेरतपासणीचा अर्ज करायला सांगितलं. केला. मागच्या बाजूला सही नाही म्हणून तो परत आला. पुन्हा केला. तीन महिन्यांनी दुसरा तपासनीस आला तेव्हा झाडांवर तळहाताएवढी पानं होती. तो मात्र झाडांपेक्षा मोबाइलकडेच जास्त बघत होता.

"बाग छान आहे हो. पण ही नवीन लागवड दिसते."

"नवीन?"

"जुनी मयत आहेत ना रेकॉर्डला. म्हणजे ही नंतर लावलेली. यांना दुसरा हप्ता नाही."

भावाने कपाळावर हात मारून घेतला. सिस्टरने तपासनिसाचा हात धरून खोडावर ठेवला. "तीन महिन्यांत एवढं खोड होतं?"

"नाही होत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण रेकॉर्डला तसंच आहे."

"ताई, सोड आता," भाऊ संध्याकाळी म्हणाला. "डोक्याला ताप नुसता."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच ती मोठ्या साहेबांसमोर जाऊन बसली. "मला मृत्यूचे दाखले हवेत."

"कुणाचे?" साहेब दचकले.

"दोनशे दहा अंजिरांचे. बत्तीस वर्षांत कारण लिहिल्याशिवाय एक मृत्यू नोंदवला नाही आम्ही. तुमच्या माणसाने एका दुपारी दोनशे दहा नोंदवले. कशाने मेली? रोगाने? की रोपंच खराब होती? रोपं तुमच्याच रोपवाटिकेतली आहेत. कारण लिहा, खाली सही करा. मी भरपाई मागते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "इतकं ताणू नका हो."

"मी कुठे ताणतेय? लिहा ना."

त्यांनी कारकुनाला बोलावलं. दोघांचं बराच वेळ कुजबुजणं झालं. नोंद 'नजरचुकीने' झाल्याचं ठरलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशे झाडं जिवंत झाली. उरलेली दहा कॉम्प्युटरच्या दुसऱ्या पानावर होती आणि दुसरं पान काही केल्या उघडेना.

"त्या दहांचा वेगळा अर्ज द्या," कारकून म्हणाला.

महिन्याभराने दोनशे झाडांचा हप्ता आला. सिस्टरला वाटलं होतं, आनंद होईल. आला तो फक्त थकवा.

"त्या दहांचा अर्ज मी लिहू?" भावाने विचारलं.

"लिही. पण सहीही तूच कर. माझ्याच्याने आता त्या कार्यालयाचा जिना चढवत नाही."

त्याने लिहिला, नेऊन दिला. आठवड्याने अर्ज परत आला: जमीन बहिणीच्या नावावर आहे, तिचीच सही हवी. सिस्टरने पेन उघडलं आणि इतक्या जोरात सही केली की कागद टर्रकन फाटला.

तिने डोळे मिटले, दहापर्यंत आकडे मोजले आणि भावाकडे दुसरा कागद मागितला.