टबातला झूलेलाल

जिब्राल्टरमधले आम्ही सिंधी चार पिढ्या चेटीचंडला, म्हणजे आमच्या नववर्षाला, बहराणा हा दिव्याचा नैवेद्य समुद्रात सोडत आलो, आणि कुणाच्या बापाला विचारत नव्हतो. यंदा मंदिराचे अध्यक्ष लछमनदास यांना शिस्तीचा झटका आला. त्यांनी बंदराच्या साहेबाकडे लेखी परवानगी मागितली. विचारल्यावर साहेब दुसरं काय करणार? नाही म्हणाला.

“मंदिराच्या अंगणात टब भरून ठेवलाय, अदी,” लछमनदास रुक्मणीला बहिणीच्या नात्याने म्हणाले. “पाणी ते पाणीच.”

रुक्मणी कणकेचा दिवा परातीत बसवत होती. भोवती खडीसाखर, वेलदोडे, फळं. बहराणा यंदा तिच्या घरचा. नात अपुऱ्या दिवसांची जन्मली, काचेच्या पेटीत दोन महिने होती, तेव्हा रुक्मणी नवस बोलली होती.

“झूलेलालला, पाण्याच्या देवाला, आंघोळीच्या टबात बसवता, अदा? नवस मी दर्याला बोललेय.”

“आपण मूठभर माणसं. उगीच डोळ्यांवर कशाला यायचं?”

“चार पिढ्या या रस्त्यावर दुकानं थाटून बसलोय. डोळ्यांवर यायचे राहिलोय कुठे?”

तिने परात डोक्यावर घेतली आणि चालू लागली. ढोलकवाल्याने अध्यक्षांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ढोलक तिच्यामागे नेला. मग सगळेच निघाले. ही आमची जात: पहिलं पाऊल दुसऱ्याने टाकावं.

कॅटलन बेच्या वाळूत साहेब उभाच होता.

“बाई, लेखी नकार आहे.”

“पीठ आणि साखर आहे. मासे खातील.” तिने खडीसाखर तोंडात टाकली, एक खडा त्याच्यापुढे धरला. “विष वाटतं का बघ.”

त्याने घेतला नाही. जाळं विणत बसलेला पेपे म्हातारा हसला. “दर सप्टेंबरात आमच्या चर्चमधली कुमारी माता मिरवत इथंच पाण्याशी येते, साहेब. तिच्याकडे कागद मागितलात कधी?”

“तो प्रश्न वेगळा.”

“वेगळा कसा ते सांग,” रुक्मणी म्हणाली. साहेबाने खिशातून वही काढली. “मग माझं नाव लिहून घे. रुक्मणी हासाराम. दुकान सगळ्यांना ठाऊक आहे.”

तो लिहीत राहिला, ती कमरेइतक्या पाण्यात गेली. तिने परात कलती केली. दिवा दोन लाटा तरला, तिसरीने घेतला. काठावरून लोकांनी तांदूळ-साखर उधळली.

ती निथळत बाहेर आली तेव्हा लछमनदास बूट हातात घेऊन उभे होते.

“पुढच्या वर्षी अर्ज करायचा का?”

“करा. ‘येतोय’ एवढंच लिहा.”