एकशेवीस तास

सांगलीच्या दवाखान्यात, नायट्रोजनच्या टाकीत, ताहेराचे सहा भ्रूण गोठवून ठेवलेले होते. पहिल्या खेपेला दोन गर्भाशयात सोडले, दुसऱ्या खेपेला दोन, तिसऱ्याला एक. रुजला एकही नाही. आता एक उरला.

तो सोडण्याआधी डॉ. चारुशीलांनी तपासणी सांगितली. "गर्भाशयाचं अस्तर काही तासच भ्रूण धरतं. बहुतेकींचं, प्रोजेस्टेरॉनची पहिली गोळी आत ठेवल्यापासून एकशेवीस तासांनी. त्या वेळी तुकडा काढून बघू. तयार असेल तर 'रिसेप्टिव्ह' येईल. या तपासणीवर सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाही, पण एकच उरलाय. मागच्या खेपांना गोळी सकाळी आठलाच ठेवली होती ना?"

ताहेराने मान हलवली खरी, पण कुंडलची एसटी येईपर्यंत तिला काही सुचेना.

गोळीच्या पहिल्या दिवशी ती रोजा धरायची. सासूची मन्नत होती. आत काही ठेवलं तर रोजा तुटेल, म्हणून तिन्ही वेळा तिने गोळी मगरिबच्या नमाजनंतर, संध्याकाळी सातला ठेवली. दवाखान्याच्या तक्त्यात फक्त तारीख लिहायची होती. तारीख बरोबर होती; भ्रूण मात्र सकाळी आठच्या हिशेबाने सोडले गेले.

"अकरा तास कमी पडले," ती घरी सासूला म्हणाली. "या वेळी रोजा नको, अम्मी."

"अल्ला काय घड्याळ बघतोय व्हय गं?"

"अल्ला न्हाई, अस्तर बघतंय."

तिचा नवरा जाफर हसला. "मॅडमना सांग आधी."

तिने फोन लावला. दवाखान्यातल्या समीक्षा सिस्टरने सगळं ऐकून तक्ता काढला. "आमीबी कवा तास विचारला न्हाई," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी आठला गोळी, मंगळवारी सकाळी आठला तुकडा. मग रिपोर्टसाठी तीन आठवडे वाट.

अस्तराची वेळ वेगळीच निघाली, तर रोज्याचा दोष नव्हता, पण शरीराचा होता. बरोबर निघाली, तर शेवटच्या भ्रूणाला जागा होती, पण आधीचे पाच? दुआला हात उचलले की ती अडायची.

"काय मागतीस एवढा वेळ?" जाफरने विचारलं.

"तेच कळंना."

रिपोर्ट एका पानाचा आला. नमुन्याची वेळ: १२० तास. अस्तर: रिसेप्टिव्ह.