चार बोटांची शिवण

"सोड पाणी," ताईने आतून काचेवर दोनदा टकटक केली आणि मान वर करून बसली.

बाहेर तिच्या धाकट्या भावाने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. पाण्याची धार गाडीच्या कापडी हुडावर फाडफाड आपटायला लागली. काचांवरून ओघळ सुटले, आतला उजेड हिरवट झाला, आणि त्या दोन सीटांच्या इवल्याशा गाडीत ताई एकटी, मांडीवरची पर्स घट्ट धरून, छताकडे अशी बघत राहिली की जणू तिथून कुणी तिचा निकाल वाचून दाखवणार होतं.

ही ताईची जुनी पद्धत. तीस वर्षं ती गाड्यांच्या सीटा आणि हुडं शिवत होती. छत उघडता येणाऱ्या गाडीचं हूड शिवून झालं की ती स्वतः आत बसायची, वरून दहा मिनिटं पाणी मारायला लावायची, आणि एक थेंबही आत आला नाही तरच गिऱ्हाइकाला किल्ली द्यायची. दुकानावर पाटीच होती, 'आमचं हूड गळत नाही'. शंभरावर हुडं तिच्या हातून गेली. म्हणजे शंभरावर स्पोर्ट्स गाड्यांत ताई बसली होती, पण दरवेळी डोक्यावर हूड बंद. गिऱ्हाईक यायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे हूड मागे पाडायचं आणि भुर्रकन दिसेनासं व्हायचं. ताई हातात कात्री घेऊन दारात उभी. उघड्या गाडीतून जग कसं दिसतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

आज मात्र ती गाडी विकत घ्यायला आली होती. स्वतःसाठी.

येताना भावाने तिला चांगलं पढवलं होतं. तो मेकॅनिक, जुन्या गाड्यांचे सौदे कोळून प्यायलेला. "ताई, कौतुकाचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. चेहरा असा ठेव, जणू दाढ काढून घ्यायला आलोय."

"मालक दातांचेच डॉक्टर आहेत रे."

"मग तर अवघड नाही."

पण अंगणात डॉक्टरांनी गाडीवरचं आच्छादन ओढलं, खालून ते लांब गडद हिरवं नाक, ते गोल दिवे, आणि दोनच माणसांसाठी कोरल्यासारखी ती बैठक बाहेर आली, आणि ताई म्हणाली, "अगं बाई." इतकंच. पण असं म्हणाली की भावाने कपाळाला हात लावला. घासाघीस तिथेच संपली होती.

डॉक्टर सत्तरी ओलांडलेले, सडसडीत, अजूनही समोरच्याने 'आ' करावा अशा नजरेने बघणारे. बायको गेली त्याला वर्ष झालं होतं. गाडी आता नुसती उभी होती, म्हणून विकायची. "बारा वाजता अजून एक जण येणारेत," ते म्हणाले होते. "फोनवर म्हणत होते, हे हूड फेकून देतो, बटणावर उघडणारं बसवतो."

'फेकून' हा शब्द ताईला सुईसारखा टोचला. "आधी पाणी मारून बघते," ती म्हणाली होती.

डॉक्टरांनी एकदा गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "बघा की. फक्त शेजारच्या सीटवर टॉवेल आहे ना, तो तिथेच राहू द्या."

तो टॉवेल आता ताईच्या शेजारी होता. निळा, धुऊन धुऊन पांढुरका झालेला, चौघडी घातलेला. वरती धार पडत होती, भाऊ बाहेर शीळ घालत होता, आणि ताई पूर्ण छत सोडून एकाच जागी बघत होती. शेजारच्या खिडकीच्या वर, मागच्या कोपऱ्यात, जिथे दोन कापडं मिळतात तिथे. कारण हे हूड तिनेच शिवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी.

डॉक्टर आणि त्यांची बायको त्या दिवशी सकाळपासून दुकानाच्या बाकावर बसून होते. संध्याकाळी त्यांना याच गाडीने लांब जायचं होतं. शेवटची शिवण आली आणि मेणाचा दोरा संपला. हुडाला मेणाचाच दोरा लागतो, मेण सुईचं भोक बुजवून टाकतं, साधा दोरा ते करत नाही. दोरेवाल्याचं दुकान त्या दिवशी बंद. राहिली होती चारच बोटं शिवण. ताईने साधा दोरा ओवला, चार बोटं संपवली आणि म्हणाली, झालं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणून तपासणी राहिली, असं ती पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आली. नळाला पाणी होतं.

नंतर बोलावून घेऊ, असं ठरवलं. बोलावलं नाही. पण बाहेर पाऊस लागला की तिच्या हातातलं काम थांबायचं, आणि त्या चार बोटांवर या क्षणी पाणी पडतंय का, हे डोक्यात यायचं.

कोपऱ्यात कापड काळवंडलं. एक थेंब फुगला, लोंबकळला, आणि टप्. टॉवेलच्या बरोबर मधोमध.

ताईने काचेवर टकटक केली. पाणी थांबलं. भावाने दार उघडून डोकं आत घातलं आणि त्याचे डोळे चमकले.

"गळतंय," तो कुजबुजला. "ताई, सोनं झालं. आता तू काही बोलू नको, मी बोलतो. कापड जुनं, शिवण कच्ची, कुणा नवशिक्याकडून..."

"मी शिवलंय ते."

"काय?"

"ते हूड मी शिवलंय. सरक, मला उतरू दे."

भाऊ सरकला. मग तिच्या दंडाला धरून आणखी हळू म्हणाला, "मग तर अजिबात बोलू नकोस. दुकानावर पाटी आहे आपली. आणि स्वतःचीच शिवण गळते म्हटल्यावर तो माणूस तुला गाडी देईल का? बारा वाजता तो दुसरा यायचाय."

ताईला ते सगळं कळत होतं. गाडी तिच्या मागे उभी होती, ओली, चकाकणारी, आयुष्यात एकदाच इतकी जवळ आलेली. तरी ती अंगण ओलांडून पायरीवर बसलेल्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, गळतंय ते."

"हं."

"कापडाचा दोष नाही. माझा आहे. मेणाचा दोरा संपला होता, शेवटची चार बोटं मी साध्या दोऱ्याने मारली. तुम्हाला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आता तुम्हाला ज्याला द्यायची त्याला गाडी द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडे वर बघितलं. "माहीत आहे हो," ते म्हणाले. "त्याच दिवशी कळलं. वीस-पंचवीस मैल गेलो असू. सर आली आणि हिच्या खांद्यावर टपटप सुरू. मी म्हटलं, अश्शी गाडी वळवतो आणि त्या बाईला विचारतो. तर ही म्हणाली, खबरदार. ती बाई आपल्यासाठी जेवली नाही दिवसभर."

आपण त्या दिवशी जेवलो नव्हतो, हे ताईलाही आठवत नव्हतं.

"म्हटलं, मग काय जन्मभर भिजणार आहेस? तर म्हणाली, हूड उघडंच ठेवू या. उघडं असलं की गळायचा प्रश्नच नाही." डॉक्टर हसले. "झालं. तेव्हापासून उघडीच. थंडीत कानटोप्या घालून. लोक वेडे म्हणायचे. पाऊस आलाच तर डोक्यावर तो टॉवेल. आता खरं सांगू? ते हूड धड असतं ना, तर आम्ही ते बंद करूनच फिरलो असतो. मी असा भित्रा माणूस. धूळ, वारा, सर्दी, सगळ्याची भीती. माझ्या बायकोने आभाळ बघितलं ते तुमच्या चार बोटांमुळे."

भाऊ हातात गळती नळी घेऊन उभा. त्याच्या बुटात पाणी जात होतं, पण त्याला पत्ता नव्हता.

"कागद आत आहेत," डॉक्टर उठले. "या."

कागदावर 'घेणाऱ्याची सही' अशी जागा होती. तिथे कधी आपलं नाव येईल असं ताईला वाटलं नव्हतं. तिने ते इतकं सावकाश लिहिलं की भाऊ खाकरला. मग तिने पर्स उघडली आणि मेणाच्या दोऱ्याचं रीळ टेबलावर ठेवलं, शेजारी सुई. "घरून घेऊनच निघाले होते," ती म्हणाली. "आत्ता बसले तर दहा मिनिटांचं काम आहे."

डॉक्टरांनी रीळ उचललं, बोटांत फिरवलं, परत तिच्या हातात दिलं. "तुमचं काम आहे, तुम्ही शिवालच," ते म्हणाले. "फक्त माझ्या अंगणात नको."

हूड मागे पाडणं तिला झोपेतही जमलं असतं. दोन खटके, एक झटका, कापडाची घडी. पण घडी मागे बसली, ती स्टिअरिंगमागे टेकली आणि वर काहीच नव्हतं. तिने हात वर केला. तो कशालाच लागला नाही.

गाडी रस्त्याला लागली. आणि ताईला दिसलं की झाडांना खालची बाजू असते. फांद्या डोक्यावरून एकामागून एक सरकत होत्या, पानांच्या पाठी फिकट, त्यांच्यात उजेडाची भोकं. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी वाळत घातलेल्या चादरीआडून खाली बघत होती, आणि ताई तिच्याकडे वर बघत होती. पुलाखालून गेल्यावर गार सावली अंगावरून ओढली गेली, बेकरीचा वास आला, मागोमाग ओल्या लाकडाचा. एक कबुतर बरोबरीने उडत थोडं अंतर आलं आणि कंटाळून वळलं. तीस वर्षं हे सगळं हुडाच्या त्या बाजूला होतं. इतकं. इतक्या जवळ.

"ताई, पुढे बघ," भाऊ म्हणाला. तो टॉवेलवर बसला होता, दोन्ही हातांनी टोपी धरून.

दुकानापासून दोन चौक अलीकडे सिग्नल लागला. उजेड मंदावला. भावाने मान वर केली.

"ढग आलेत. हूड ओढतो."

ताईचा हात पर्सवर गेला, आतलं रीळ चाचपून तसाच स्टिअरिंगवर आला. पहिला थेंब भावाच्या नाकावर पडला, दुसरा तिच्या मनगटावर. समोरचा दिवा हिरवा झाला.

"राहू दे," ती म्हणाली. "टॉवेल आहे ना."