हत्ती, बदक आणि उंदीर

"हत्ती झकास आला, बदकही छान," संगीताच्या बाई म्हणाल्या, "पण काका, उंदीर बेसूर आहे."

ट्यूनरचे हात पट्ट्यांवरच राहिले. पियानो सुरात लावून झाला की तो स्वतः रचलेली दीड मिनिटाची गंमत वाजवायचा. डावीकडच्या जाड तारांवर हत्ती डुलत यायचा, मधोमध बदक फेंगडं चालायचं आणि अगदी उजवीकडच्या पट्ट्यांवर उंदीर दोघांना वाकुल्या दाखवत पळायचा. एकही पट्टी सुटत नसे. काम तपासलं जायचं, वर गिऱ्हाईक हसायचं. शाळेच्या या हॉलमध्ये एकतीस वर्षं लोक हसले होते.

"हवा दमट आहे, बाई. तारा उतरतात."

"आत्ताच तर लावल्यात."

"जुनं धूड आहे हो. कुरकुरणारच."

"मागच्या खेपेलाही असंच होतं. मी बोलले नाही." त्यांनी शेवटून दुसरी पट्टी दाबली. "ऐकू येतं हे?"

"येतं की."

"मग चढलाय की उतरलाय?"

त्याला नुसती लाकडाची टकटक ऐकू आली होती. वर्षभर तेवढीच येत होती. या टोकाच्या तारा तो किल्लीने, नुसत्या मनगटाच्या अंदाजाने ओढायचा. घरीसुद्धा त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

"उतरलाय," तो म्हणाला.

"चढलाय, काका."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्याकडे न बघता शेजारी बसल्या. "तुम्ही किल्ली फिरवा. मी सांगते."

"थोडं खाली... अजून... अहो, थांबा! हां. पुरे."

तो फिरवत गेला. 'थोडं', 'अजून', 'पुरे'. एकेका तारेपाशी तो मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघायचा. तासाभराने त्या म्हणाल्या, "झालं. आता वाजवा की."

"नको. तुम्ही ऐकलंत ना, मग झालं."

काम संपलं की ट्यूनर पियानोच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालून सही करतो. तिथे एकाखाली एक त्याच्याच सह्या होत्या. वरच्या पार पुसट झालेल्या. त्याने आजची तारीख घातली आणि पेन्सिल बाईंपुढे धरली.

"मी? अहो, काहीतरीच काय! काम तुमचं."

"मी नुसती किल्ली फिरवली."

बाई झाकणाकडे बघत राहिल्या. त्यांनी पेन्सिल घेईपर्यंत त्याने हात खाली केला नाही.