भेरारामच्या नाकाची चिमटी

भेरारामच्या अलगोज्याचा, म्हणजे जोडबासरीचा, सूर मधेच तुटायला लागला, तेव्हा त्यानं आधी बासऱ्यांचं मेण बदललं. मग बासऱ्याच बदलल्या. आम्हा खाणीतल्या दगडफोड्यांची अक्कल एवढीच. वाजवणारा बिघडलाय असं कुणाच्या मनातही येत नाही.

दोन बासऱ्या एकदम तोंडात धरायच्या, गालात वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकानं नवा ओढायचा. सूर तुटतच नाही. गावात ही विद्या एकट्या भेरारामकडं.

"बासरी चांगली हाय, तुमची छाती बघा," त्याची बायको गवरा घुंघटाआडून म्हणाली. "काल बकरीमागं पळालात, तर बकरीच थांबून तुमची वाट बघत हुती."

"धुरळा बसलाय जरा. गूळ खाल्ला की उतरंल."

"माझ्या भावानं बी गूळच खाल्ला. शेवटी आडवं पडता येईना, खाटेवर बसून झोपायचा. तुमास्नी बी तसंच बसवू?"



खाण सुटली की ठेकेदार प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. छातीतली धूळ धुऊन निघते म्हणे. आमचे बाप हाच गूळ चघळत खोकून मेले. गूळ जातो पोटात, धूळ फुफ्फुसात, हे काय ठेकेदाराला कळत नाही? ड्रिलवर पाणी सोडलं तर धूळ उडत नाही, हेही त्याला कळतं. पण वाळवंटात पाण्यापेक्षा गूळ स्वस्त, आणि गुळाहून आम्ही.

शाळेत छाती तपासायची गाडी आली. गवरानं चूल पेटवलीच नाही, तेव्हा कुठं भेराराम निघाला. नर्सनं त्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. म्हणाली, "फुंका. दम संपेपर्यंत."

त्यानं चिमटा काढून ठेवला. "मिशीला चावतो ह्यो."

मग गाल फुगवून फुंकायला लागला. थांबेचना. नर्स एकदा मशीनकडं बघे, एकदा त्याच्याकडं. आम्ही टाळ्या वाजवल्या. भेरारामचे डोळे हसायला लागले.

आमच्याकडं सून वडीलधाऱ्यांपुढं तोंड उघडत नाही. गवरानंही उघडलं नाही. घुंघट हनुवटीपर्यंत ओढला, सगळ्या बाप्यांमधनं पुढं आली आणि नवऱ्याचं नाक चिमटीत धरलं.

फूं करून वारा आला आणि संपला. मागनं खोकला. खोकता खोकता तो खालीच बसला. टाळ्या थांबल्या.

"नाकानं वारा चोरत हुते, बाई," गवरा नर्सच्या कानाशी लागली. "लगीन झाल्यापास्नं ऐकतीय मी."

गाडीत छातीचा फोटो काढला, त्यात डाग निघाले. डॉक्टर म्हणाला, "गेलं ते परत येणार नाही. पण लवकर आलात. धूळ सोडलीत तर उरलेलं राखता येईल. थुंकीही तपासू, क्षय नको लपायला."

भेरारामनं ड्रिल सोडली. आता गवराच्या बकऱ्या राखतो. अलगोजा वाजवतो, मधे थांबतो, दम घेतो, पुन्हा वाजवतो. "बकऱ्यास्नी चालतंय," म्हणतो.

तपासणीच्या त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं, माझा खोकला बिडीचा, मला काही झालेलं नाही, मी काही त्या गाडीत चढणार नाही.

ती वाद घालत बसली नाही. पिठाचे हात पुसले आणि दोन बोटांची चिमटी करून माझ्यापुढं धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपुढच्या रांगेत उभा राहिलो. पुढं सगळे आपले खाणीवरचेच होते, आणि प्रत्येकाच्या मागं एक घुंघट.